जुने स्पीकर आणायचेत? मग 'किती वॅटचे' हे शेवटी विचारा

आमच्या दिवाणखान्यात सध्या स्पीकरच्या तीन जोड्या आहेत. बायकोच्या हिशेबाने त्यातल्या अडीच जास्त आहेत.

पहिली जोडी मी एका भंगारवाल्याकडून उचलली. सागवानी रंगाची मोठी खोकी, पुढे तपकिरी कापडाची जाळी. तो म्हणाला, "मामा, आवाज एक नंबर आहे." मी खोक्यावर हात फिरवला, लाकूड बघून भुललो आणि बाराशे रुपये मोजले. घरी येऊन जाळी काढली आणि वूफरच्या (खालच्या पट्टीचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेला बोट लावलं, तर ती कड शेंगाचटणीसारखी भुगा होऊन फरशीवर पडली. आवाज यायचा, पण खालच्या पट्टीत नुसती फडफड. कोनभोवतीचा (वूफरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीचा) फोम पार गेला होता, आणि असा काही फोम असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

नंतर सोलापूरच्या पूर्व भागातले एक मेकॅनिक काका भेटले. आयुष्यभर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत आलेले, मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत मोजमाप करणारे. मी दिमाखात सांगितलं, "काका, शंभर वॅटचे आहेत." ते म्हणाले, "वॅट राहू द्या ओ सर. ओहम किती?" मला सांगता आलं नाही. (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडथळा करतो त्याचं माप.) पुढचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मी बऱ्याच उशिरा आणि बरेच पैसे घालवून शोधलेलं उत्तर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. क्रम स्पीकर आधी आणि अ‍ॅम्प नंतर असाच ठेवा. बहुतेक जण उलटं करतात. चकचकीत मीटरवाला जपानी अ‍ॅम्प दिसला की घेतात, मग त्याला मिळेल ते खोकं जोडतात. अ‍ॅम्पने काय काम करायचं ते स्पीकर ठरवतो, म्हणून स्पीकर घरात आल्याशिवाय अ‍ॅम्पचा सौदा करू नका.

१. निघताना पिशवीत काय हवं

- साधा डिजिटल मल्टिमीटर. महागडा नको, ओहम आणि डीसी मिलिव्होल्ट दाखवला की पुरे.
- दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि टोकं सोललेली हातभर वायर.
- टॉर्च. मोबाइलचा चालेल, पण खोक्याच्या भोकातून आत बघायला बारीक टॉर्च बरा.
- चपटा आणि फुलीचा, असे दोन स्क्रूड्रायव्हर.
- मोबाइलमध्ये सरळ सूर वाजवणारं टोन जनरेटरचं एखादं अ‍ॅप, आणि मोबाइल अ‍ॅम्पला जोडायची केबल.
- तुमच्या कानात पक्कं बसलेलं एक गाणं. माझ्याकडे भीमसेनजींचा एक तोडी आहे. त्यातला तानपुरा कसा वाजायला हवा हे मला झोपेतही सांगता येईल.
- वही. मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर, ओहम आणि व्होल्टेज तिथल्या तिथे लिहून घ्यायला.

कागदपत्रांत विशेष काही नाही. पण लांबून कुणाकडून मागवत असाल तर पैसे देण्याआधी चार फोटो मागा: मागचं लेबल, जाळी काढलेला वूफर, जोडणीच्या टर्मिनलची जागा आणि खोक्याचा तळ. तळाचा फोटो द्यायला जो कां कू करतो त्याच्या खोक्याला बहुतेक ओल लागलेली असते.

२. शोधायचं कुठे आणि काय

सोलापुरात खजिना दुकानांपेक्षा घरांत जास्त आहे. जुनी घरं पाडून फ्लॅट होताहेत, मुलं पुण्याला गेलीत, आजोबांचा संच माळ्यावर चादरीत गुंडाळून पडलेला असतो. ओळखीपाळखीत नुसतं सांगून ठेवा. मंडपवाल्यांकडेही जुना माल निघतो, पण तो निम्मा वेळ उन्हात आणि टेम्पोत गेलेला असतो. बाकी सुट्या भागांसाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं आणि रात्री परत. वूफर मांडीवर घेऊन या, वरच्या फळीवर नको.

नावांचं म्हणाल तर आपल्याकडे फिलिप्स, बुश, कॉस्मिक आणि कोलकात्याचं सोनोडाइन ही जास्त भेटतात. परदेशी मालात ब्रिटिश व्हार्फडेल, सेलेस्टियन, टॅनॉय, केफ, अमेरिकन जेबीएल आणि एआर, जपानी यामाहा. नवशिक्याने पहिली जोडी साध्या दोन-तीन ड्रायव्हरच्या (म्हणजे एका खोक्यात दोन-तीन सुटे स्पीकर असलेल्या), ८ ओहमच्या, कापडी किंवा रबरी कडेच्या स्पीकरची घ्यावी. नाव कमी प्रसिद्ध असलं तरी चालेल.

नावाच्या भरात 'अल्निको चुंबक आहे' म्हणून जास्तीचे पैसे मागितले जातात. अल्निको म्हणजे कोबाल्ट घातलेला मिश्रधातू. १९७८ मध्ये झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) लढाईने कोबाल्ट कडाडलं आणि बहुतेक कंपन्या अल्निको सोडून फेराइटच्या चुंबकाकडे वळल्या, हे खरं. म्हणून फेराइटचा प्रत्येक स्पीकर वाईट ठरत नाही. चुंबक बघून भाव ठरवण्याआधी कड बघा.

३. जाळी काढा, कड तपासा

जाळी काढू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

कोनच्या बाहेरच्या बाजूला जी मऊ वळी असते ती तीन प्रकारची असते. रबरी कड टिकते, फार तर कडक होते. लेप दिलेलं कापड सगळ्यात दणकट, पन्नास वर्षांचं असलं तरी जागेवर असतं. तिसरा प्रकार फोम, आणि घोळ त्यातच आहे. फोम दहा-वीस वर्षांत आपोआप चिकट होतो, मग भुगा होतो. वापरला काय, कपाटात ठेवला काय, त्याला फरक पडत नाही. तेव्हा 'एकदाही वाजवलेला नाही' या वाक्याला फोमच्या बाबतीत काही अर्थ नाही.

नुसतं बघू नका, बोटाच्या पेराने अलगद दाबा. ठसा राहिला किंवा बोट चिकटलं तर फोम संपलाय असं समजा. पण म्हणून सौदा मोडायचं कारण नाही. नवी फोमची कड बसवता येते, आणि या कारणावर भाव निम्म्याने पाडता येतो. माझी ती पहिली जोडी काकांनी अशीच जिवंत केली. ते काम बघायला मी तीन तास स्टुलावर बसून होतो. आधी जुना फोम आणि वाळलेला गोंद नखाने आणि ब्लेडने खरवडून काढला. मग मधली टोपी अलगद कापली आणि कॉइल (कोनला मागे चिकटलेलं तारेचं वेटोळं) व मधला लोखंडी खांब यांच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोब्बर मध्यावर राहते. मग नवी कड गोंदाने आधी कोनला, ती वाळल्यावर चौकटीला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या उपसल्या आणि टोपी परत चिकटवली. या कामात घाई केली की कॉइल एका अंगाला बसते आणि आयुष्यभर घासत राहते.

ते घासणं तुम्ही खरेदीच्या वेळीच पकडू शकता. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो एकसारखा, अगदी थोडा आत ढकला. खर्रर्र असा बारीक आवाज किंवा अडखळ जाणवली की कॉइल घासतेय. अ‍ॅम्प जोडायची सोय असेल तर मोबाइलवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी कमी आवाजात द्या. चांगला वूफर मुकाट हलतो, घासणारा चरचरतो.

दोन गोष्टींवरून नवशिके फसतात. पहिली, सेलेस्टियन डिटन १५ सारख्या स्पीकरमध्ये एका कोनला वायरच नसते. तो मेलेला नाही, तो तसाच बनवलेला आहे. वूफरच्या हवेने हलायचं एवढंच त्याचं काम. माझ्या एका मित्राने तो 'जळका' म्हणून काढून टाकायचं ठरवलं होतं. दुसरी, ट्विटरचा (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरचा) आत चेपलेला घुमट. कापडी घुमट असेल तर हलक्या चिकटपट्टीने बाहेर येतो. धातूच्या घुमटाला हात लावू नका. यामाहा एनएस-१००० मध्ये तर तो बेरिलियमचा आहे. तो फुटला तर घासाघाशी मुळीच करायची नाही, त्याची धूळ फुप्फुसांना विषारी असते.

४. मल्टिमीटर लावा

आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.३ किंवा ०.५ असं काही दाखवेल, ते पुढच्या आकड्यातून वजा करायचं. मग पिना स्पीकरच्या मागच्या टर्मिनलला लावा.

लेबलवर ८ ओहम असेल तर मीटर साधारण ५.५ ते ७ दाखवेल. ४ ओहमला ३ ते ३.५, १६ ओहमला ११ ते १३. कमी दाखवलं म्हणून घाबरू नका. लेबलवरचा आकडा वाजत असतानाच्या अडथळ्याचा असतो आणि मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली आहे किंवा आतली वायर सुटली आहे. डाव्या-उजव्या खोक्यात फार तफावत असेल तर एकाचा वूफर कुणीतरी बदललेला आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ट्विटरच्या वाटेत मीटरची वीज अडवणारा कॅपॅसिटर असतो, त्यामुळे मागून मीटर लावून ट्विटरबद्दल काहीच कळत नाही. त्याला गाणं लावून कान जवळ नेणं हाच उपाय. मी कॅलेंडरची गुंडाळी करून तिचं एक टोक ट्विटरला आणि दुसरं कानाला लावतो.

मग सेल. अधिक टोक लाल टर्मिनलला, उणे काळ्याला, क्षणभर टेकवा. वूफर बाहेर आला पाहिजे. दोन्ही खोकी एकाच दिशेने हलली पाहिजेत, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या जेबीएलमध्ये मात्र लाल-काळं मुळातच उलटं असायचं, तिथे कोन आत जाईल. तो दोष नाही.

खोक्याच्या आतल्या क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्विटरला आपापली पट्टी वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) जे दंडगोल इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात ते चाळीस वर्षांत आपली किंमत सोडतात. आवाज मंद, झाकलेला वाटतो. ते तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि अधिक-उण्याचा भेद नसलेलेच घालायचे. रेडिओतला साधा कॅपॅसिटर इथे चालत नाही. फिल्म प्रकारचे घातले तर वरची पट्टी थोडी उघडी होते, काहींना टोचते. पण हे घरी आणल्यावर महिनाभर ऐकून मग ठरवा. आल्या आल्या खोकं उघडायची खाज मलाही होती, आणि त्या खाजेपायी एक चांगला क्रॉसओव्हर मी बिघडवून ठेवला.

५. आता जोडी जुळवा

लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

स्पीकरचे दोन आकडे बघायचे. एक ओहम. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. कॅटलॉगमध्ये तो ८६ डीबी, ९० डीबी असा छापलेला असतो. खोक्यावर लिहिलेले '१०० वॅट' म्हणजे फार तर तो किती सहन करेल त्याचा अंदाज. त्यात आवाज किती येईल हे कुठेच नसतं.

संवेदनशीलतेचा हिशेब असा: वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. बीबीसीने स्टुडिओ व्हॅनसाठी घडवलेला एलएस३/५ए हा इवलासा स्पीकर ८२-८३ डीबीचा. ९१ डीबीचा एखादा स्पीकर घेतला तर त्याच्याइतकं वाजायला या छोट्याला सुमारे आठपट वॅट लागतात. आणि १९४६ पासून बनणारा क्लिप्शहॉर्न १०४ च्या घरात, तो एका वॅटवर घर दणाणून सोडतो. जुन्या काळी व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्पच दहा-पंधरा वॅटचे असायचे, त्यामुळे तेव्हाचे बरेच स्पीकर थोडक्यात भागणारे बनवलेले होते. सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि छोटी, बंद, वॅट खाणारी खोकी वाढली.

आता ओहम. ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त.

पन्नास-साठच्या दशकातले १५-१६ ओहमचे ब्रिटिश स्पीकर असतील तर ते व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या १६ ओहमच्या टर्मिनलवर खुशीत वाजतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पलाही जोडू शकता, धोका काही नाही. फक्त ८ ओहमला २० वॅट देणारा अ‍ॅम्प १६ ला साधारण १० च देईल. संवेदनशील स्पीकर असेल तर तेही भरपूर. एलएस३/५ए मात्र १५ ओहमचा (नंतरचे ११ चे) असून शिवाय कमी संवेदनशील. त्याला जरा दमदार अ‍ॅम्प आणि लहान खोली लागते.

८ ओहम आणि ८८-९० डीबी असेल तर डोक्याला ताप नाही. १९७८ चा यामाहा एनएस-१०एम याच गटातला. २० ते ४० वॅटचा कुठलाही प्रामाणिक अ‍ॅम्प चालतो. त्याच वर्षी आलेला एनएडी ३०२० कागदावर जेमतेम २० वॅटचा, पण अवघड स्पीकरही ओढायचा, म्हणून आजही लोक तो शोधतात.

४ ओहम आणि कमी संवेदनशील, उदाहरणार्थ १९६७ चा एआर-३ए, हे पहिलवान गिऱ्हाईक. त्याला ४ ओहम झेपतो असं मागे छापलेला, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्पच हवा. '८ ते १६ ओहम' लिहिलेल्या अ‍ॅम्पला असा स्पीकर जोडला तर अ‍ॅम्प तापत जातो आणि एखाद्या दिवशी आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

अ‍ॅम्पवर स्पीकरच्या दोन जोड्या निवडायची ए आणि बी बटणं असतात, त्यांचाही असाच सापळा आहे. दोन्ही जोड्या एकदम लावल्या की बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्या समांतर जातात, ८ आणि ८ मिळून ४ होतात. ४ आणि ४ मिळून २! दिवाळीत पाहुण्यांसमोर दोन्ही बटणं दाबायचा मोह आवरा.

उलट बाजूने लहान अ‍ॅम्पचीही भीती असते, ती लोकांना पटत नाही. 'दहा वॅटचा अ‍ॅम्प शंभर वॅटच्या स्पीकरचं काय वाकडं करणार?' अ‍ॅम्पची ताकद संपली तरी नॉब फिरवत राहिलात की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि ती फाटकी, कर्कश ऊर्जा ट्विटरकडे जाते. ट्विटरची तार केसासारखी असते. मी जळलेले जितके ट्विटर पाहिलेत, त्यातले बहुतेक लहान अ‍ॅम्पने मारलेले होते.

वॅटच्या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा? अमेरिकेत १९७४ मध्ये अ‍ॅम्पचे वॅट कसे मोजून छापायचे याचा सरकारी नियम आला, त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले जपानी आकडे बऱ्यापैकी खरे असतात. आपल्याकडे नव्वदीत टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ १००० वॅट' असायचं ते आठवतंय? त्याला शून्य समजा.

मंडपवाल्यांच्या अ‍ॅम्पबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या गावात गणपती मंडळापासून लग्नापर्यंत तेच सगळीकडे दिसतात आणि स्वस्तात मिळतात. मागे ४, ८, १६ सोबत ७०V आणि १००V अशी टर्मिनल असतात. ती शेवटची दोन लांबवर टांगलेल्या, आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्पीकरसाठी. घरचा स्पीकर चुकून १००V ला जोडलात तर त्याची कॉइल जाईल. शिवाय हे अ‍ॅम्प भाषण गावभर पोचवायला बनवलेले असतात, सतारीची मींड ऐकायला नाही.

६. अ‍ॅम्प घेताना

माझी सगळ्यात महागडी चूक इथली. 'चालू स्थितीत, फक्त पिन लावा' असं सांगून मला एक देखणा जपानी अ‍ॅम्प विकला गेला. मी घरी येऊन पिन लावली. निळे दिवे भगभगले, दोन सेकंदांनी वार्निश जळाल्याचा वास, मग अंधार. मागे बारीक अक्षरात १००V लिहिलेलं होतं. जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. म्हणून मागची पट्टी वाचल्याशिवाय पिन लावू नका. काहींना व्होल्टेज बदलायची चकती असते. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, त्याची किंमत सौद्यात धरा.

वर्षानुवर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प सरळ विजेला लावायचा नाही. सिरीज बोर्ड लावा, म्हणजे अ‍ॅम्पच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब एकदा पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. कुठलाही मेकॅनिक हा बोर्ड दहा मिनिटांत बनवून देतो.

मग स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर काकांकडे न्या. व्होल्टमध्ये आकडा आला तर तो अ‍ॅम्प तुमच्या वूफरची कॉइल भाजून काढणार. ही चाचणी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीच चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पहिल्यांदा वाजवताना दोन्हीला आधी एखादा टाकाऊ स्पीकर जोडा. माझ्याकडे त्यासाठी जुन्या टीव्हीतली एक जोडी आहे, बिचारी सगळे धोके अंगावर घेते.

नॉब फिरवताना खरखर झाली तर तो किरकोळ आजार आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. पण झाकण काढून हे करायला काकांनाच सांगा. पिन काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर तीनशे-चारशे व्होल्ट सहज असतात. आपल्याकडचे घरगुती जुळणीचे २एन३०५५ ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प दुरुस्तीला सोपे, त्यांची माणसं अजून आहेत. एसटीके आयसीवाले (आउटपुटचं सर्किट एकाच चिपमध्ये असलेले) घेताना मात्र जपून, बदलीला मिळणारे आयसी बऱ्याचदा नकली असतात.

७. जोडणी

दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर पाच-सात मीटरपर्यंत पुरते. घराच्या वायरिंगवाल्याकडे मिळते ती. सोन्याच्या भावाच्या केबलकडे बघू नका. लाल ते लाल, काळं ते काळं, आणि टोकाचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एवढ्यानेही जातो. एक खोकं उलटं जोडलं गेलं तर गायक मधोमध न बसता खोलीभर विरघळतो आणि तबल्याचा बायां गायब होतो. असं झालं की एका बाजूच्या तारा अदलाबदल करा.

मोबाइल लावायचा तो ऑक्स किंवा ट्यूनरच्या खाचेत. फोनोच्या खाचेत लावला तर आवाज फाटतो, ती फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. नव्या काळचे सीडी प्लेअर आणि डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी) २ व्होल्ट देतात आणि जुन्या अ‍ॅम्पला दीड-दोनशे मिलिव्होल्ट पुरतात, त्यामुळे नॉब जरा हलवला की घर हादरतं. बिघाड समजू नका.

८. खोलीचं काय करायचं

शहाबादी किंवा चकचकीत फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब. आपल्या खोल्या टाळी वाजवली तर परत टाळी वाजवतात. सोलापूरकराकडे याचा इलाज कपाटातच असतो. जाड चादर दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं पुढे, पहिल्या परावर्तनाच्या जागी टांगा. जागा कशी शोधायची? तुम्ही खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लावा. आरशात स्पीकर दिसला ती जागा. आमच्याकडे हे काम मुलीने केलं आणि आरशापेक्षा आई-बाबांचे चेहरे बघून जास्त हसली.

चादरीने फक्त वरची किणकिण कमी होते. खालचं घुमणं तिला ऐकत नाही. त्यासाठी खोकी कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे घ्या, वीतभर सरकवत ऐका. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. लहान खोकी जमिनीवर ठेवू नका.

९. उन्हाळा आणि इतर शत्रू

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर असतो आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर. म्हणून अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंबू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा आणि त्याच्यावर विणलेला रुमाल अंथरू नका, कितीही सुंदर असला तरी. दुपारी बारा ते चार मी स्पीकरवर ऊन येणारी खिडकी बंद ठेवतो. वीज जाऊन येण्याच्या दिवसांत ऐकून झालं की पिन काढून ठेवायची.

खोक्याला मागे भोक असेल तर आतल्या बाजूने बारीक जाळी लावा. मी एकदा उजव्या स्पीकरमधली टकटक तीन आठवडे क्रॉसओव्हरमध्ये शोधली. शेवटी वूफर काढला, तर आतल्या कापसावर पालीची अंडी होती.